शॉट मारल्यावर पाट्यात किती दाब उरतो? अंदाज बांधायची आमची रीत

पिथमपूरला आमच्याकडे ट्रकच्या कमानीचे पाटे होतात. मागच्या वर्षी इंदूरच्या रामबागेतला एक मुलगा कामाला लागला. त्याची मुंज मी जेवलोय, त्यामुळे ऑफिसातही तो मला काकाच म्हणतो. एका ग्राहकाच्या ड्रॉइंगवर ओळ होती: पीनिंगनंतर (म्हणजे पाट्यावर बारीक पोलादी गोळ्यांचा, "शॉट"चा, मारा केल्यावर) पृष्ठभागाखाली ०.१ मिमीवर अमुक इतका दाबाचा स्ट्रेस हवा. पोरानं आठवडाभर सॉफ्टवेअर चालवलं, संगणकावर शेकडो शॉट मारले आणि रंगीत चित्र घेऊन आला. मी विचारलं, "वेग किती धरलास?" म्हणाला, "काका, एका पेपरात ७५ होता." आमच्या मशीनचा वेग कुणीच मोजला नव्हता.

त्याला पुढे जे शिकवलं तेच इथे लिहितोय. आधी शॉपवर जायचं, मग कागद-पेन्सिल, संगणक सगळ्यात शेवटी.

भाषेचं आधी मिटवून टाकतो. पुस्तकात प्रतिबल म्हणतात, शॉपवर स्ट्रेस. मी धातू आवळणाऱ्या स्ट्रेसला "दाब" आणि फाकवणाऱ्याला "ओढ" म्हणणार आहे. बर्तन बाजारात तांबटाला ठोके मारताना पाहिलं असेल तर पीनिंगचं मूळ तुम्हाला ठाऊक आहेच. प्रत्येक ठोक्यानं वरची कातडी आडवी पसरू पाहते, खालचा धातू तिला पसरू देत नाही, आणि कातडी कायमची दाबात अडकून राहते. चीर पडायची तर आधी हा दाब फेडावा लागतो, म्हणून पाट्याचं आयुष्य वाढतं. फरक इतकाच की इथे हातोडीच्या जागी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची पोलादी गोळी असते आणि ठोका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही आत संपतो.

पहिलं काम: पोचा मोजा

शॉटचा वेग, कोन, गोळीचा खरा आकार, पाट्याचा कडकपणा या सगळ्यांचा हिशेब एका ठिकाणी जमा होतो, तो म्हणजे गोळीनं पडलेला पोचा, छोटा खळगा. ज्या पाट्यांसाठी अंदाज हवा, त्याच उष्णता-प्रक्रियेतून गेलेला एक तुकडा घ्या आणि आरशासारखा पॉलिश करा. शॉटचा प्रवाह अगदी कमी करून तो झर्रकन मशीनमधून काढा, म्हणजे पोचे सुटेसुटे पडतील. सूक्ष्मदर्शकाखाली निदान तीसेक पोच्यांचे व्यास मोजा. कडेला धातू उचलला जाऊन जी वळी तयार होते तिच्या माथ्यावरून मोजायचं की आतून, हे एकदा ठरवा आणि मग बदलू नका. आमच्याकडे दोन माणसांच्या मोजण्यात केवळ यामुळे फरक पडायचा.

आता हा पोचा हिशेबाशी जुळतो का पाहू. गोळीची गतिज ऊर्जा धातू दाबण्यात खर्च झाली असं धरलं तर उथळ पोच्यासाठी सोपं सूत्र निघतं: पोच्याची त्रिज्या भागिले गोळीची त्रिज्या म्हणजे एका संख्येचं चौथं मूळ. ती संख्या अशी: ८ गुणिले गोळीची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ३ गुणिले धातूचा प्रतिकार. प्रतिकार म्हणजे पोच्याखालचा सरासरी दाब. तो कडकपणाच्या आकड्यावरून काढता येतो. व्हिकर्स आकड्याला ९.८१ नं गुणलं की मेगापास्कल मिळतात. पोच्याचं क्षेत्रफळ सपाट धरायचं असल्यानं त्यात सातआठ टक्के वाढवा.

आमचा पाटा साधारण ४५ एचआरसीचा (रॉकवेल सी, कडकपणाचंच दुसरं माप), म्हणजे ४५० व्हिकर्सच्या आसपास. प्रतिकार ४,८०० मेगापास्कल धरू. शॉट एस-२३०, व्यास सुमारे ०.६ मिमी. वेग सेकंदाला ६० मीटर. पोलादाची घनता ७,८००, तिला वेगाच्या वर्गानं गुणलं की २८ मेगापास्कल. ८ गुणिले २८ भागिले १४,४०० म्हणजे ०.०१५६, आणि त्याचं चौथं मूळ ०.३५. पोच्याची त्रिज्या ०.३ च्या ०.३५ पट, व्यास ०.२१ मिमी. गोळी परत उडताना थोडी ऊर्जा घेऊन जाते. ती पाव भाग धरली तर व्यास सात टक्क्यांनी उतरून ०.२० मिमीवर येतो.

या चौथ्या मुळाकडे जरा लक्ष द्या, कारण रोजच्या कामात उपयोगी पडणारी गोष्ट तिथेच आहे. गोळी दुप्पट मोठी केली तर पोचा दुप्पट होतो. वेग दुप्पट केला तर फक्त १.४ पट. धातू दुप्पट कडक केला तरी पोचा १६ टक्क्यांनीच लहान होतो. म्हणून दाबाचा थर खोल हवा असेल तर ब्लोअर पिळत बसू नका, शॉट बदला. आणि याची उलटी बाजू अशी की पोचा मोजताना ५ टक्के चूक झाली तर त्यावरून काढलेल्या वेगात १० टक्के चूक होते. तीस पोचे मोजायला सांगितले ते त्यासाठी.

मोजलेला पोचा ०.१७ निघाला आणि हिशेब ०.२० म्हणत असेल तर पोचा खरा धरा आणि वेग उलटा काढा. वेगाचा हाच आकडा पुढे संगणकाला द्यायचा. आमच्या मशीनचा असा काढल्यावर ६० च्या आसपास आला. पोरानं धरलेल्या ७५ शी त्याचा काही संबंध नव्हता.

दुसरं काम: आल्मेन पट्टीला बोलतं करा

जनरल मोटर्समधल्या जॉन आल्मेन यांनी १९४० च्या दशकात ही पट्टी रूढ केली, आणि आजही जगभर पीनिंगची तीव्रता तिच्यावरच मोजतात. ७६ गुणिले १९ मिमीची स्प्रिंग स्टीलची पट्टी ठोकळ्यावर चार स्क्रूंनी बसवायची, एका बाजूनं शॉट मारायचे, सोडवल्यावर ती कमानीसारखी वाकते, त्या वाकाची उंची गेजवर वाचायची. जाडीप्रमाणे तीन प्रकार: एन ०.७९ मिमी, ए १.२९ मिमी, सी २.३९ मिमी. पाट्यांना ए लागते.

एका वाचनाला तीव्रता म्हणत नाहीत, हे मात्र नव्या माणसाला दर वेळी सांगावं लागतं. चारपाच पट्ट्या वेगवेगळ्या वेळा मारून उंची विरुद्ध वेळ असा आलेख काढायचा. ज्या वेळेनंतर वेळ दुप्पट केली तरी उंची १० टक्क्यांनीच वाढते, त्या बिंदूची उंची म्हणजे तीव्रता. बहुतेक ठिकाणी एकच पट्टी मारून रजिस्टरात आकडा चढवतात. "साब, रोज यही आता है," असं आमचा ऑपरेटर म्हणायचा. रोज तोच आकडा येत होता हे खरं, पण आलेख काढला तेव्हा कळलं की आमचं काम त्या बिंदूच्या बरंच अलीकडे थांबत होतं.

बहुतेक लोक तीव्रता नापास-पास ठरवण्यापुरती वापरतात आणि सोडून देतात. पण त्या वाकण्यात स्ट्रेसची माहिती आहे, ती काढून घ्या. समजा तीव्रता ०.२५ मिमी ए आली. गेजच्या चार आधारबिंदूंतलं अंतर ३१.७५ आणि १५.८७ मिमी. पट्टी दोन्ही दिशांनी सारखीच वाकते, म्हणून वक्रता म्हणजे ८ गुणिले ०.२५ भागिले दोन्ही अंतरांच्या वर्गांची बेरीज, म्हणजे भागिले १,२६०. उत्तर मिलिमीटरमागे ०.००१५९. इतकं वाकवायला लागणारा आघूर्ण (जोर गुणिले अंतर): वक्रता गुणिले २ लाख ९३ हजार (पोलादाचा यंग गुणांक भागिले ०.७) गुणिले जाडीचा घन भागिले १२. एक मिमी रुंदीमागे सुमारे ८३ न्यूटन-मिमी. पसरू पाहणाऱ्या थराचा जोर पट्टीच्या मध्यापासून ०.५४ मिमीवर लागतो असं धरलं तर रुंदीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे थराचा जोर निघतो जवळजवळ १५५ न्यूटन.

हा १५५ फार कामाचा आहे. पट्टीचा कडकपणा ४४ ते ५० एचआरसीच्या पट्ट्यात असतो, आमचा पाटाही तिथेच, म्हणून पाट्यातही साधारण एवढाच जोर जाणार. कार्ब्युराइज केलेला (वरच्या थरात कार्बन मुरवून कडक केलेला) ६० एचआरसीचा गिअर असेल तर मात्र हा आकडा जसाच्या तसा उचलू नका.

तिसरं काम: दोन हिशेबांची गाठ घाला

पोच्यानं थराच्या खोलीचा अंदाज दिला: पोच्याच्या व्यासाइतकी ते दीडपट, म्हणजे ०.२ ते ०.३ मिमी. पट्टीनं जोर दिला: १५५. तिसरा धागा म्हणजे दाबाचं शिखर. ते सामान्यतः धातूच्या तुटण्याच्या ताकदीच्या निम्मं ते ६० टक्के असतं. ४५ एचआरसीला ही ताकद १,४५० च्या घरात, म्हणून शिखर ७०० ते ९०० मेगापास्कल.

थर ०.२ मिमी धरला तर सरासरी दाब १५५ भागिले ०.२, म्हणजे ७७५. सरासरीच एवढी असेल तर शिखर हजाराच्या वर जाईल, आणि ते या स्टीलला झेपणारं नाही. थर ०.२८ धरला तर सरासरी ५५५, शिखर ८००-८५०. हे जमतं. म्हणजे खोली पोच्याच्या साधारण १.४ पट. कागदावर अर्ध्या तासात एवढं हाती आलं.

शिखर अगदी वर नसतं, थराच्या पाव ते एकतृतीयांश खोलीवर असतं, आपल्याकडे ०.०७ ते ०.०९ मिमी. पृष्ठभागावर त्याहून थोडा कमी दाब, खाली शिखर, मग उतरत ०.२८ ला शून्य, आणि त्याखाली थोडी ओढ. ग्राहकानं ०.१ मिमीवरचा आकडा का मागितला होता ते इथे कळलं. तो शिखराच्या जवळपास बोट ठेवून होता.

आता जाडीचा हिशेब, जो सर्रास विसरला जातो. दाबाला कुठे तरी ओढीनं तोलावं लागतं, आणि भाग वाकायला मोकळा असेल तर वाकूनही तो दाब थोडा सैल करतो. एका बाजूनं मारलेल्या १० मिमी जाड पाट्यात १५५ चा जोर सरळ ओढीतून १५ आणि वाकण्यातून ४५, म्हणजे वरच्या थरातला दाब जेमतेम ६० मेगापास्कलनं सैल करतो. तोच हिशेब १.२९ मिमीच्या पट्टीवर करा: १२० आणि ३००, एकूण ४२०! म्हणून आल्मेन पट्टीवर क्ष-किरणांनी स्ट्रेस मोजून "आमच्या पाट्यात एवढा आहे" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उलट पातळ भागात, दोनतीन मिमीच्या, जाड नमुन्यावरचं मोजमापही तितकंच फसवं.

चौथं काम: कव्हरेज

पृष्ठभागाचा किती भाग पोच्यांनी झाकला ते कव्हरेज. गोळ्या कुठेही पडतात, आधीच्या पोच्यावरही पडतात, म्हणून वेळ दुप्पट केली की कव्हरेज दुप्पट होत नाही. एका फेरीत ६० टक्के झाकलं असेल तर उरलेल्या ४० चे पुन्हा ६० टक्के: दुसऱ्या फेरीनंतर ८४, तिसऱ्यानंतर ९३.६, चौथ्यानंतर ९७.४, पाचव्यानंतर ९९. अठ्ठ्याण्णवला पूर्ण समजतात. २०० टक्के म्हणजे त्या वेळेच्या दुप्पट वेळ, दुसरं काही नाही. पाट्याचा खोलगट भाग, भोकाची कड, पाट्याची टोकं भिंगाखाली पाहा. मधला भाग नेहमीच छान दिसतो.

पाचवं काम: आता संगणक

इथपर्यंत आलात तर तुमच्याकडे वेग, थर, शिखर आणि जोर यांचे आकडे आहेत, आणि मॉडेल खोटं बोललं तर पकडता येईल.

गोळ्या किती मारायच्या हे कव्हरेजवरून काढा. ९८ टक्क्यांसाठी सगळ्या पोच्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज मूळ क्षेत्रफळाच्या ३.९ पट लागते. ०.२ मिमीच्या पोच्याचं क्षेत्रफळ ०.०३१ चौरस मिमी, म्हणून एका चौरस मिलिमीटरला सुमारे १२५ गोळ्या. मधला अर्धा गुणिले अर्धा मिमीचा चौकोन वाचायचा असेल तर त्यात तीसएक, शिवाय भोवती निदान एका पोच्याएवढी झालर. जागा यदृच्छ ठेवा. एका ओळीत शिस्तीनं मारलेल्या गोळ्या दिसायला सुंदर दिसतात, पण शॉपवर असं कधी होत नाही.

मॉडेलची जाळी (धातूचे ज्या छोट्या घटकांत तुकडे पाडतो ती मेश) पोच्याच्या व्यासाच्या दहाव्या भागाहून बारीक, म्हणजे वरच्या थरात ०.०२ मिमीच्या आत. खाली सैल केली तरी चालेल. तळाला आणि बाजूंना आघाताची लाट परतून येऊ नये म्हणून अनंत घटक किंवा डॅम्पिंग द्या. घर्षण ०.२ च्या आसपास ठेवा, शून्य ठेवू नका.

सगळ्यात जास्त चुका धातूच्या वागणुकीत होतात. वर काढलेल्या आकड्यांवरून पाहा: गोळी १६-१७ मायक्रॉन आत शिरते, त्याला अर्धा मायक्रोसेकंदही लागत नाही. विकृतीचा दर सेकंदाला लाखाच्या वर जातो. ओढ-चाचणी यंत्रावर मिनिटभर ओढून काढलेला आलेख या वेगाला पुरत नाही, धातू इथे जास्त ताठ वागतो. त्यासाठी जॉन्सन-कुक सारखं दर लक्षात घेणारं सूत्र घ्या. पण तेवढ्यावर थांबू नका. एकाच जागी गोळ्या पडत राहतात, धातू दाबला जातो, सुटतो, पुन्हा दाबला जातो. उलटसुलट भारात धातू थोडा मऊ वागतो, आणि फक्त समान कठीणीकरण (धातू दोन्ही दिशांना सारखाच कडक होतो असं) धरलं तर मॉडेल दाब फुगवून सांगतं. आमच्या पोराचं पहिलं चित्र त्यामुळेच १,२०० दाखवत होतं. चलित कठीणीकरण (उलट भारात मऊ पडण्याचा हिशेब) मिसळलं, वेग ७५ वरून ६० वर आणला, आणि शिखर साडेआठशेवर उतरलं.

आणि उत्तर वाचायची रीत. एका पोच्याखालच्या रेषेवरचा स्ट्रेस वाचू नका. क्ष-किरण यंत्र एक ते तीन मिलिमीटरच्या ठिपक्यावरची सरासरी सांगतं, म्हणून तुम्हीही मधल्या चौकोनातल्या प्रत्येक खोलीवरच्या सगळ्या घटकांची सरासरी काढा. नाही तर मॉडेल आणि मोजमाप यांच्यात शेकडो मेगापास्कलचा फरक येईल आणि तुम्ही महिनाभर सूत्रात चूक शोधत बसाल.

सहावं काम: एकदा तरी मोजा

पोलादासाठी क्रोमियमच्या क्ष-किरणांची पद्धत सर्वमान्य आहे. किरण पृष्ठभागापासून पाचएक मायक्रॉनच आत पाहतात, म्हणून खोलीतला स्ट्रेस हवा असेल तर इलेक्ट्रोपॉलिशिंगनं (विजेनं धातू विरघळवून) थर उतरवत न्यायचं. ग्राइंडर लावायचा नाही, त्याचा स्वतःचा स्ट्रेस मिसळतो. थर काढल्यानं उरलेला भाग थोडा सैल होतो, ती दुरुस्तीही करून मागा. शून्य, ०.०२५, ०.०५, ०.१, ०.१५, ०.२ आणि ०.३ मिमी एवढी वाचनं पुरतात. या बाबतीत आपण इंदूरकर सुदैवी आहोत. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ सारखा २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर क्ष-किरणांचा स्रोत, उभा आहे, आणि तिथे स्प्रिंग स्टीलवर लेझर पीनिंगचं कामही झालंय. लेझरचा थर शॉटपेक्षा कितीतरी खोल, मिलिमीटरच्या घरात जातो. पण वरचे पोच्याचे हिशेब त्याला लावू नका, तिथे गोळीच नाही.

आमच्या पहिल्या मोजमापाची फजिती सांगतो. ०.०५ पासून खाली सगळी वाचनं अंदाजाला धरून होती. पृष्ठभागावरचं मात्र निम्म्याहून कमी. पोरगा रडकुंडीला आला, प्रयोगशाळेलाच नावं ठेवायला लागला. मी पाटा कापून, घासून, एच करून (आम्ल लावून रचना उठवून) सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कडेला फिकट पांढरी पट्टी. आमच्याच भट्टीत कार्बन जळून गेला होता, वरची कातडी मऊ झाली होती, आणि मऊ धातू जास्त दाब धरून ठेवू शकत नाही. मॉडेलमध्ये आम्ही वरपासून खालपर्यंत एकच ४५ एचआरसी दिला होता. सूक्ष्म-कडकपणा प्रत्येक ०.०२ मिमीवर मोजून वरच्या थरांना वेगळा गुणधर्म दिल्यावर वक्र बसला. तेव्हापासून पीनिंगच्या कामाची फाइल कडकपणाच्या उतरत्या आलेखाशिवाय मी हातात घेत नाही.

कार्ब्युराइज केलेल्या गिअरमध्ये आणखी एक भानगड असते. उरलेला ऑस्टेनाइट (पोलादाची मऊ रचना) आघातानं मार्टेन्साइटमध्ये (कडक रचनेत) बदलतो, फुगतो आणि दाब वाढवतो. साधं मॉडेल हे पकडत नाही, आकडा कमी सांगतं. ग्राइंडिंगची ओढ आधीच असेल तर ती पीनिंगच्या दाबातून सरळ वजा करू नका. जिथपर्यंत धातू खऱ्या अर्थानं दबला तिथपर्यंत जुना स्ट्रेस जवळजवळ पुसला जातो, त्याखाली तो तसाच राहतो.

शेवटची तपासणी गाडीखाली गेल्यानंतरच्या स्थितीची. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात पृष्ठभाग थोडा वाहतो आणि दाब काहीसा उतरतो. म्हणून आयुष्याच्या हिशेबात ताज्या पाट्याचा आकडा टाकू नका. पाटा एकदा पूर्ण भारानं दाबून सोडा आणि मग मोजा. उलट पाटा वाकवून धरलेल्या अवस्थेत ओढीच्या बाजूवर शॉट मारले तर सोडल्यावर दाब बराच वाढतो, त्याला स्ट्रेस पीनिंग म्हणतात. त्याचा अंदाज हवा असेल तर मॉडेलमध्ये पहिल्या गोळीआधी ओढ द्या आणि शेवटच्या गोळीनंतर काढून घ्या. रंगाच्या भट्टीचं तापमानही विचारून घ्या. पोलाद २५० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की कमावलेला दाब उतरायला लागतो, अॅल्युमिनियम तर शंभरच्याही आत.

त्या मुलाच्या टेबलावर आता काचेखाली एक पॉलिश केलेला तुकडा असतो, त्यावर तीसपस्तीस पोचे. नवीन शॉटचं पोतं फुटलं की तो आधी मशीनकडे जातो, दुसरा तुकडा मारून आणतो, आणि मगच संगणक चालू करतो.